जुना डबा आणि ३८६

मंडळी, १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. इथे अमेरिकेत माझ्या तळघरातला २०१३चा डेस्कटॉप तसा ठणठणीत, पण टीपीएम २.० नसल्याने विंडोज ११साठी अपात्र! यंत्र म्हातारं झालं हे ठरवतं कोण?

१९९१मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या ३८६ पीसीवर लिनक्स लिहायला घेतलं. १९९२मध्ये ते जीपीएल परवान्याखाली आलं: कुणीही वापरावं, बदलावं, वाटावं. त्या ३८६चा आधार लिनक्सने काढला तो थेट डिसेंबर २०१२मध्ये, २१ वर्षांनी.

मी आधी फोटो दुसरीकडे उतरवले, मग डिस्क पुसून पेनड्राइव्हवरून डेबियन चढवलं. डबा पुन्हा धावतोय. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तुम्हीही एकदा करून बघाच!