बायबलचा शब्दार्थ व आध्यात्मिक अर्थ
कॅथलिक धर्मविचारातील अर्थनिर्णयाची दोन अंगे. लेखकाला अभिप्रेत असलेला तो शब्दार्थ. वर्णिलेल्या घटनांतून सूचित होणारा तो आध्यात्मिक अर्थ. सेंट टॉमस अक्वायनस (सु. १२२५–७४) यांनी रूपकाचा समावेश शब्दार्थातच केला : ईश्वराचा बाहू म्हणजे अवयव नव्हे, तर सामर्थ्य. सिद्धांताला आधार मात्र शब्दार्थाचाच. घटनासूचित अर्थाची दृष्टी फादर स्टीफन्स यांच्या ओवीबद्ध क्रिस्तपुराणाच्या (१६१६) रचनेत आढळते. जुन्या करारावरील ‘पैलें पुराण’ हे ख्रिस्तचरित्रपर ‘दुसरें पुराण’ याची पूर्वपीठिका ठरते. पोप बारावे पायस (१९४३) व दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६५) यांनी वाङ्मयप्रकार ओळखूनच शब्दार्थ ठरवावा, असे प्रतिपादिले. परिणामी शब्दार्थनिष्ठा म्हणजे शब्दशः वाचन नव्हे, हे अधिकृतपणे स्पष्ट झाले.