एक वास्तू, दोन वार

ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात शनिवार आणि रविवार यांमधील वाद हा मुळात आज्ञापालनाचा वाद आहे. मोशेला मिळालेल्या दहा आज्ञांपैकी चौथी आज्ञा सातव्या दिवशी विसावा घेण्यास सांगते. येशूचे पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झाले, या श्रद्धेने बहुसंख्य ख्रिस्ती मंडळ्यांनी रविवार हा उपासनेचा दिवस मानला. इ. स. ३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने नगरवासीयांना त्या दिवशी विश्रांती फर्मावली आणि त्या प्रथेस राजाज्ञेचे बळ लाभले. कोकणातील बेने इस्रायलांना शनिवारी घाणा बंद ठेवण्यावरून ‘शनवार तेली’ हे नाव पडले. शेजाऱ्यांच्या लेखी तो एका जातीचा आचार होता. युरोपात मात्र ख्रिस्ती म्हणवणाऱ्याने शनिवार पाळणे संशयास्पद ठरे. अशा लोकांनी रविवार पाळणाऱ्यांबरोबर एका छपराखाली कसे दिवस काढले, याचा वृत्तांत म्हणूनच पाहण्याजोगा आहे.

सतराव्या शतकातील लंडनमध्ये शब्बाथ पाळणाऱ्या बाप्तिस्मावाद्यांच्या काही लहान मंडळ्या होत्या. त्यांपैकी एकीचा पाळक जॉन जेम्स याला १६६१ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून देहान्त शासन झाले. फ्रान्सिस बॅम्पफील्ड याने स्थापिलेली दुसरी मंडळी पिनर्स हॉल या वास्तूत जमू लागली. हे मूळचे टाचण्या बनविणाऱ्या कारागिरांच्या संघाचे सभागृह. रविवारी तेथे ‘इंडिपेंडंट’ पंथीयांची उपासना होई, मंगळवारी व्यापाऱ्यांसाठी १६७२ पासून चालत आलेले व्याख्यान होई आणि शनिवारी बॅम्पफील्डची मंडळी येई. १६८३ मध्ये बॅम्पफील्डला याच सभागृहात अटक झाली व पुढील वर्षी न्यूगेटच्या तुरुंगात त्याचा अंत झाला. त्या काळी शासनाच्या दृष्टीने शनिवारचे आणि रविवारचे असे दोन्ही विरोधी पंथीय सारखेच अपराधी होते. समान संकटाने आलेला हा शेजार होता.

१६९० मध्ये जोसेफ स्टेनेट या मंडळीचा पाळक झाला आणि १७१३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने ते पद सांभाळले. शनिवारी आपल्या लोकांपुढे आणि रविवारी इतर मंडळ्यांपुढे तो प्रवचन करी. प्रसिद्ध स्तोत्रकार आयझॅक वॉट्स याची रविवार पाळणारी मंडळीही १७०४ ते १७०८ या काळात पिनर्स हॉलमध्येच जमत होती. विशेष असे की, या वास्तूतील मोठी फूट वारावरून पडलीच नाही. १६९४ मध्ये मंगळवारच्या व्याख्यानाचे दोन तट पडले, ते कृपेच्या सिद्धान्तावरून. आणि दोन्ही तट रविवार पाळणाऱ्यांचेच होते. स्टेनेटचा नातू सॅम्युएल याने तर लंडनमधील लिटल वाइल्ड स्ट्रीट येथील रविवारच्या मंडळीचे पाळकपद सांभाळले, स्वतः शनिवार पाळला आणि आजोबांच्या जुन्या मंडळीपुढे शनिवारी प्रवचनेही केली.

अटलांटिकपलीकडे चित्र निराळे होते. न्यूपोर्ट येथे १६७१ च्या अखेरीस सात जणांनी रविवारच्या बाप्तिस्मा मंडळीशी संबंध तोडून शब्बाथाची स्वतंत्र मंडळी काढली. १७३० मध्ये बांधलेले त्यांचे उपासनागृह आजही उभे आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ उदयास आला. १८६३ मध्ये त्याची मध्यवर्ती संघटना स्थापन झाली. या पंथाच्या भविष्यविचारात रविवारास गंभीर स्थान आहे: अंतकाळी राज्यसत्ता रविवार सक्तीचा करील आणि तीच निष्ठेची अखेरची कसोटी ठरेल, अशी ती शिकवण आहे. ही भीती केवळ ग्रंथातली नव्हती. १८८८ मध्ये अमेरिकन सिनेटपुढे राष्ट्रीय रविवार-कायद्याचे विधेयक आले, तेव्हा ॲडव्हेंटिस्ट नेते ए. टी. जोन्स यांनी समितीसमोर त्याला विरोध केला. विधेयक संमत झाले नाही. परंतु १८८९ मध्ये टेनेसी राज्यात आर. एम. किंग या ॲडव्हेंटिस्ट शेतकऱ्यावर रविवारी शेतात काम केल्याबद्दल खटला झालाच.

ज्यांच्या पूर्वसूरींनी हे सोसले, त्यांचीच उपासनागृहे आज अमेरिकेतील अनेक शहरांत रविवारी दुसऱ्या मंडळ्यांना भाड्याने दिली जातात. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ. त्यानंतर वास्तू बहुधा रिकामी असते. नव्याने आलेल्या स्थलांतरितांच्या मंडळ्यांना जागा हवी असते, आणि जुन्या मंडळीला छपराच्या दुरुस्तीसाठी पैसा. याच्या उलट, नवी ॲडव्हेंटिस्ट मंडळी रविवारच्या एखाद्या चर्चमध्ये शनिवारपुरती जागा घेऊन आरंभ करते, हेही सर्रास घडते. व्यवहार सोयीचा असला तरी त्यात अडचणी असतात. ॲडव्हेंटिस्टांच्या प्रभुभोजनात न आंबवलेला द्राक्षरस असतो, मद्य व डुकराचे मांस त्यांना वर्ज्य. भाडेकरूंच्या प्रथा वेगळ्या असू शकतात.

याहून खोल प्रश्न सदसद्विवेकाचा आहे. जो दिवस आपण मनुष्यनिर्मित मानतो, त्या दिवसाच्या उपासनेतून भाडे घ्यावे काय? आपल्याच वास्तूत उद्या नेमके उलट शिकवले जाणार, हे ठाऊक असताना किल्ली हाती द्यावी काय? पंथाची शिकवण येथे कठोर नाही. सक्तीचा कायदा येईपर्यंत रविवार पाळणाऱ्या कोणावरही ती ठपका ठेवत नाही आणि इतर मंडळ्यांत प्रामाणिक भक्त आहेत, असे ती मानते.

पिनर्स हॉलचा मालक त्रयस्थ होता. तेथे दोन्ही पक्ष भाडेकरूच होते आणि एकाला दुसऱ्यास नाकारण्याचा अधिकार नव्हता. आता शब्बाथ पाळणाराच घरमालक झाला आहे. राज्यसत्तेने कोणावरही वार लादू नये, असे १८८८ मध्ये ज्यांनी मागितले, त्यांच्या वारसांच्या हाती त्याच सत्तेचा एक लहानसा अंश आला आहे. केवळ वारासाठी एखाद्या मंडळीला दार बंद करणे हे त्या मागणीशी विसंगत ठरेल. भाड्याचा करार हा काही ऐक्याचा तह नव्हे. त्यात कोणी आपली श्रद्धा सोडत नाही. मात्र दुसऱ्याच्या चुकीच्या वाटणाऱ्या उपासनेलाही छप्पर लागते, एवढे तो मान्य करतो.