नभोवाणीवरचा शब्द आणि माणसाची अब्रू

श्रोतेहो, थेंबाने गेलेली अब्रू हौदाने येत नाही, असे आपण म्हणतो. चावडीवर कोणी कोणाला चोर म्हटले, तर ते बहुधा गावापुरते राहते. तोच शब्द नभोवाणीवरून गेला, की एका क्षणात हजारो घरांत पोचतो. मग त्याचा जाब कोणी द्यायचा? आणि तो शब्द बदनामीचा होता की नाही, हे कशावरून ठरवायचे? न्यायालयांनी या प्रश्नांची उत्तरे कशी शोधली, त्याची हकीकत आज थोडक्यात पाहू.

मूळ इंग्रजी कायद्यात बेअब्रूचे दोन प्रकार होते, लेखी आणि तोंडी. लेखी असेल, तर नुकसान सिद्ध न करताही भरपाई मिळे. कारण कागद टिकतो, हातोहात फिरतो. तोंडी असेल, तर काही अपवाद सोडून, प्रत्यक्ष काय नुकसान झाले ते दाखवावे लागे. बोलणे वाऱ्यावर जाते, असा त्यामागचा हिशेब. नभोवाणी आली आणि हा हिशेब चुकू लागला. बोलणारा कागद वाचतो, पण ऐकणाऱ्याला कागद दिसत नाही. आता याला लेखी म्हणायचे की तोंडी?

गंमत अशी, की १९३२ या एकाच वर्षी दोन देशांत याची दोन उत्तरे मिळाली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कागदावरून वाचले तरी श्रोत्याच्या कानी आवाजच पडतो, म्हणून ही बेअब्रू तोंडी. अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने उलट ठरवले. तेथे निवडणुकीच्या धामधुमीत एकाने लिहून आणलेले भाषण नभोवाणीवर वाचले आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलवर आरोप केले. न्यायालय म्हणाले, ही लेखी बेअब्रू. शिवाय केंद्रालाही हात झटकता आले नाहीत. ‘उमेदवारांच्या भाषणांत काटछाट करायला कायद्यानेच आम्हांला मनाई आहे,’ हा बचाव तेथे टिकला नाही.

दोन वर्षांनी, १९३४ मध्ये, लंडनला एका बोलपटाचा खटला गाजला. रशियातील रासपुतीनच्या खुनात भाग घेतलेल्या प्रिन्स युसुपोव्ह यांच्या पत्नीने मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीवर दावा लावला होता. चित्रपटातील नताशा म्हणजे आपणच, असे लोक समजतात, आणि तिच्यावर रासपुतीनने अत्याचार केल्याचे त्यात सुचवले आहे, ही त्यांची तक्रार. कंपनीच्या बाजूने युक्तिवाद झाला, की अत्याचार झाला त्यात बाईचा काय दोष? मग बदनामी कसली? न्यायाधीशांनी तो मानला नाही. दोष नसतानाही लोक जिला टाळू लागतात, तिची अब्रू गेलीच. जगाची रीत कशी असायला हवी, याहून ती प्रत्यक्षात कशी आहे, हे त्यांनी पाहिले. ज्यूरीने दिलेली २५,००० पौंडांची भरपाई अपिलातही कायम राहिली.

पुढे १९५२ च्या कायद्याने इंग्लंडने नभोवाणीचा वाद मिटवला. प्रक्षेपित शब्द हा कायम स्वरूपाच्या प्रकाशनासारखाच मानायचा, असे ठरले. आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेने हा भेद मुळात केलाच नव्हता. बोललेला शब्द असो वा लिहिलेला, कलम ४९९ दोहोंना सारखेच लागू होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ त्याच्या जागी आले. तेथेही तीच रीत आहे.

आता अर्थाचा प्रश्न. बोलणाऱ्याच्या मनात काय होते, यावर न्यायालय अर्थ ठरवत नाही. ज्याला शब्द झोंबला, त्याच्या दुखावलेल्या मनावरूनही ठरवत नाही. कसोटी एकच : साधारण समंजस माणूस यातून काय घेईल? १९५८ मध्ये लंडनच्या दोन वृत्तपत्रांनी छापले, की पोलिसांचे फसवणूक-शोध पथक एका कंपनीच्या व्यवहारांची चौकशी करीत आहे. ज्यूरीने मोठ्या रकमा देवविल्या. पण १९६३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले, की चौकशी चालू आहे म्हणजे गुन्हा केला, असा अर्थ समंजस वाचक काढणार नाही. संशयास जागा आहे, इतके मात्र तो समजू शकेल. खटला पुन्हा चालवावा, असा निर्णय झाला.

दूरचित्रवाणीच्या एका खटल्यात १९९३ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने यात आणखी एक मुद्दा स्पष्ट केला. कार्यक्रम एकदाच पाहणाऱ्या साधारण प्रेक्षकाला जे वाटेल, तोच अर्थ धरायचा. पुस्तकाचे पान आपण उलटून पुन्हा वाचतो, पण त्या काळच्या प्रक्षेपणात निसटलेले वाक्य परत येत नसे. म्हणून वकिलाने दहा वेळा ऐकून काढलेला बारीक अर्थ येथे उपयोगी नाही.

शिक्षकबंधूंनी हे मुलांना जरूर सांगावे. ‘चौकशी चालू आहे’ आणि ‘गुन्हा सिद्ध झाला’ ही दोन वाक्ये फळ्यावर शेजारी लिहून दाखवावीत. बातमी ऐकून पारावर सांगताना पहिल्याचे दुसरे कधी होते, ते आपल्या ध्यानातही येत नाही. तेवढ्यात एखाद्या निरपराध माणसाचे नाव मात्र जाते. आणि चौकशीची बातमी देणेच बंद केले, तर खरा लबाड सुटतो. या दोहोंना सांभाळून शब्द बोलायचा, ही जबाबदारी केंद्राची आहे, तशी आपलीही आहे.