बेवड : काळ्या जमिनीची एक कहाणी

बेवड हा शब्द शहरात आता फारसा कानी पडत नाही. आधीच्या पिकाने पुढच्या पिकासाठी जमिनीत जे मागे ठेवले, तो बेवड. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शेतीशास्त्र शाळेत शिकलो नाही. परंतु नांदेडची उस्मानशाही गिरणी ज्या कापसावर उभी राहिली आणि लातूरच्या तेलगिरण्या व डाळगिरण्या ज्या मालावर चालल्या, त्याचा इतिहास पाहू लागलो, की वाट शेवटी काळ्या जमिनीशीच येऊन थांबते.

ही जमीन पाण्याने फुगते, वाळली की भेगाळते. वाफसा नसताना तुडवली, तर नांगराच्या तासाखाली कडक थर बसतो. मग पाऊस वरूनच वाहून जातो आणि मूळ आडवे वळते. जुन्या कुणब्याने यासाठी पिकांचा फेर बांधला होता. खरिपात ज्वारी-कापसात तुरीच्या ओळी. कधी ताग पेरून फुलोऱ्यावर येताच गाडायचा. आणि पावसाळा सरता सरता करडई. करडईचे सोटमूळ नांगराच्या फाळापेक्षा कितीतरी खोल उतरते. पीक निघाल्यावर ते कुजते व त्या वाटेने हवा आणि पाणी खाली जाते.

१९९० नंतर सोयाबीन पसरले. रोख पैसा आला. त्याला आम्ही दोष देत नाही. बैल कमी झाले, जड ट्रॅक्टर आले. नेमकी तेव्हाच करडई मागे पडली. काट्यांमुळे मजूर मिळत नाही, मजुरी वाढली, असे कारण सांगतात. ते अर्धेच खरे. १९७२ साली स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने बिनकाट्यांचे वाणही काढले. तरी पेरा घटतच गेला. १९९४ पासून परदेशी पामतेलाला दार उघडले, आणि करडईचा भाव टिकेना. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. बाजाराने तेलाची किंमत केली. बेवडाची केली नाही.

हमीभाव दरवर्षी जाहीर होतो. परंतु जाहीर झालेला भाव आणि पदरात पडलेला भाव यांतले अंतर कामगाराला समजावून सांगावे लागत नाही. २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागलेल्या लातुराने तरी हे ध्यानी घ्यावे : पाऊस पोटात घेणारी जमीन हे शहराचेही धरण आहे. ते राखणाऱ्याला त्याचे दाम मिळाले पाहिजे.