गावठाण, वाडी, पाडा, तांडा, मळा : फरक काय? आणि घराची नोंद कुठे असते?

एकाच ग्रामपंचायतीत गावठाण असतं, वाड्या असतात आणि शेतातल्या वस्त्याही असतात. कोण कुठे राहायला गेलं, हे मुख्यतः पाणी, जमीन आणि पोटापाण्याने ठरवलं.

गावठाण : देशावर पाऊस कमी. त्यामुळे घरं नदीकाठी, विहिरीजवळ दाटीने बसली. लुटारूंच्या भीतीने अनेक गावांना गावकूस होतं.

वाडी : कोकणात झरे-ओढे जागोजागी. सपाट जागा भातशेतीला लागते, म्हणून घरं उतारावर विखुरली.

पाडा : पालघर, नाशिक, नंदुरबारच्या आदिवासी भागातली छोटी वस्ती. एका गावात अनेक पाडे असतात.

तांडा : बंजारा समाज बैलांवरून धान्य, मीठ वाहायचा. रेल्वे आली, धंदा बसला आणि तांडे एका जागी स्थिरावले. विदर्भ-मराठवाड्यात ते जास्त दिसतात.

मळा : विहिरीवर मोटार बसली, बागायत वाढली. राखणीसाठी कुटुंबं शेतातच राहायला गेली.

हा फरक कागदावरही आहे. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होते ती गावठाणातल्या घरांची. त्यावरून मिळकत पत्रिका मिळते. मळ्यातल्या घराखालची जमीन मात्र सातबाऱ्यावरच राहते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही घरपट्टीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. म्हणून वाटणी किंवा खरेदी करण्याआधी घर गावठाणात आहे की बाहेर, हे तलाठ्याकडे आधी बघून घ्यावं.