वॉटर पोलो, स्त्रियांचा : क्षमताचाचण्या व सामन्यातील कामगिरी

खोल पाण्यात, तळाला पाय न टेकता, प्रत्येकी सात खेळाडूंच्या दोन संघांत खेळला जाणारा चेंडूचा खेळ. पुरुषांच्या वॉटर पोलोचा ऑलिंपिक सामन्यांत १९०० साली पॅरिस येथे समावेश झाला. स्त्रियांना मात्र त्यासाठी २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपर्यंत थांबावे लागले. या शंभर वर्षांच्या विलंबामुळे स्त्रियांची केवळ पदकेच हुकली असे नव्हे. खेळाडूच्या शारीरिक क्षमतेविषयीचे शास्त्रीय ज्ञानही त्या काळात मुख्यतः पुरुष खेळाडूंच्या निरीक्षणांवरून साठत गेले आणि स्त्रियांच्या बाबतीत ते पुष्कळदा तसेच गृहीत धरले गेले.

स्त्रियांची पहिली विश्वचषक स्पर्धा १९७९ साली अमेरिकेत झाली. यूरोपीय अजिंक्यपद स्पर्धा १९८५ मध्ये सुरू झाली. १९८६ साली माद्रिद येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत स्त्रियांच्या सामन्यांना प्रथमच स्थान मिळाले आणि ऑस्ट्रेलियाने विजेतेपद पटकावले. ऑलिंपिक प्रवेशासाठी ऑस्ट्रेलियन खेळाडूंना जाहीर निषेधाचा मार्गही अवलंबावा लागला. माद्रिदच्या विजेत्या संघातील डेबी वॉटसन सिडनीत खेळली, तेव्हा तिचे वय ३४ वर्षांचे होते. तिच्या पिढीतील बहुतेकींना ही संधी लाभली नाही. सिडनीच्या अंतिम सामन्यात ईव्हेट हिगिन्सने अखेरच्या क्षणी केलेल्या गोलामुळे ऑस्ट्रेलियाने अमेरिकेवर ४–३ अशी मात केली. त्या स्पर्धेत पुरुषांचे बारा, तर स्त्रियांचे केवळ सहा संघ होते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही स्त्रियांचे दहाच संघ होते. स्पेनने ऑस्ट्रेलियाचा ११–९ असा पराभव करून सुवर्णपदक मिळविले.

स्त्रियांसाठी क्रीडाक्षेत्राची लांबी २५ मी. व रुंदी २० मी. असते. चेंडूचा परीघ ६५ ते ६७ सेंमी., म्हणजे पुरुषांच्या चेंडूपेक्षा थोडा कमी असतो. सिडनीत प्रत्यक्ष खेळाची सात मिनिटांची चार सत्रे होती. पुढे प्रत्येक सत्र आठ मिनिटांचे झाले. हा खेळ म्हणजे पोहण्याची शर्यत नव्हे. काही सेकंदांची वेगवान धाव, लगेच दिशाबदल, प्रतिस्पर्ध्याशी झटापट, पाण्याबाहेर उसळी आणि नेमबाजी यांची त्यात सतत आवर्तने होतात. विश्रांती अल्प व अनियमित मिळते. शरीर उभे ठेवण्यासाठी दोन्ही पाय आळीपाळीने विरुद्ध दिशांनी वर्तुळाकार फिरवावे लागतात. या क्रियेला ‘एगबीटर’ म्हणतात. तरणतलावात सरळ अंतर पोहून घेतलेल्या वेळेत या क्रियेचा मागमूसही लागत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी खेळाशी अधिक जवळच्या चाचण्या रचण्यात आल्या. रेचिकी, डॉसन व लॉरेन्स यांनी २००० साली ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध केलेल्या बहुटप्पी चाचणीत खेळाडू दहा मीटर अंतर ध्वनिसंकेतांच्या तालावर पुनःपुन्हा पोहतो. प्रत्येक टप्प्याला गती वाढते आणि ती साधेनाशी झाली की चाचणी संपते. हिच्यावरून ऑक्सिजनाधिष्ठित दमसासाचा अंदाज येतो. मुहिका व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली मांडलेल्या चाचणीत लहान अंतरांच्या फेऱ्यांमध्ये अल्पकाळ विश्रांती असते; त्यामुळे ती सामन्याच्या खंडित लयीशी अधिक जुळते. यांखेरीज दहा मीटरची वेगवान धाव आणि पाण्यातून घेतलेली उभी उसळी मोजतात. उसळी मोजण्यासाठी पाण्यावर खुणा केलेली पट्टी टांगतात व हात कोठवर पोहोचला ते नोंदवितात.

ऑस्ट्रेलियातील निवडक स्त्री-खेळाडूंवर फ्रँकी टॅन प्रभृतींनी केलेल्या व २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांचे महत्त्व येथेच आहे. त्यांत शरीराची मोजमापे व चाचण्यांबरोबर प्रत्यक्ष सामन्यांचेही विश्लेषण झाले. गोलासमोर प्रतिस्पर्ध्याशी झुंजणाऱ्या मध्यवर्ती खेळाडू आणि बाहेरच्या बाजूने पोहणाऱ्या खेळाडू यांची शरीरयष्टी भिन्न, आणि त्यांचे कामही भिन्न, असे आढळले. साहजिकच एकाच चाचणीच्या एकाच गुणांकावर सर्वांची निवड करणे अन्यायाचे ठरते. मध्यवर्ती खेळाडू पोहण्याच्या चाचणीत मागे पडेल, तरी दोघींना अंगावर पेलून चेंडू झेलण्याचे तिचे बळ त्या आकड्यात उमटत नाही. गोलरक्षिकेची गोष्ट याहूनही निराळी आहे. ती सामन्यात फारशी पोहत नाहीच. तिचे यश उसळी, लांब हात व फेकीचा आधीच घेतलेला अदमास यांवर अवलंबून असते. पैकी उसळी मोजता येते. अदमास मात्र तलावाकाठच्या पट्टीवर सापडत नाही, आणि अनुभवी प्रशिक्षक तो सामन्यातच पाहतात.