मुलींच्या वाट्याचं मैदान

दोन महिन्यांपूर्वी जळगावातल्या एका शाळेतल्या ओळखीच्या आपांचा फोन आला. तिसरी ते सहावीच्या मुलींसाठी फुटबॉलचा सुरुवातीचा वर्ग काढायचा त्यांचा विचार होता. "भाई, तुम्ही इतिहासावर लिहिता. पालकांची मीटिंग आहे, चार शब्द बोला," असं त्यांचं म्हणणं.

मी तयारीनिशी गेलो. लोक ओढणीवर बोलतील, कपड्यांवर बोलतील, 'लडकियाँ और फुटबॉल?' असं कुणीतरी म्हणेल, असं गृहीत धरून उत्तरं पाठ केली होती. त्यातलं फारसं लागलंच नाही. एका बुजुर्गांनी तर स्वतःहून पैगंबर (स.) आणि हजरत आयेशा यांच्या धावण्याच्या शर्यतीची हदीस सांगितली. पहिल्या शर्यतीत हजरत आयेशा जिंकल्या होत्या, हेही आवर्जून सांगितलं. मग मागच्या रांगेतून एका आईने विचारलं, "ते सगळं ठीक आहे. पण मैदान कोणतं आणि किती वाजता?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. शाळेचं मैदान होतं, पण शाळा सुटली की तिथे मुलांचं क्रिकेट सुरू होतं. व्यवस्थापनाचं म्हणणं, 'रिकामं असेल तेव्हा मुलींना खेळू द्या.' ते कधी रिकामं असतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

घरी येऊन मुलींच्या फुटबॉलचा इतिहास पुन्हा चाळला, तेव्हा जाणवलं की त्या आईने नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. शंभर वर्षांत मुलींचा खेळ जिथे जिथे थांबला, तिथे बहुतेक वेळा आधी मैदान काढून घेतलं गेलं होतं.

प्रेस्टनच्या कामगार मुली

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधले पुरुष आघाडीवर गेले आणि कारखान्यांत बायका आल्या. प्रेस्टन शहरात 'डिक, कर' नावाच्या कंपनीत युद्धसामग्री तयार होई. तिथल्या कामगार मुलींनी आपला फुटबॉल संघ उभा केला. सामन्यांतून येणारा पैसा जखमी सैनिकांना, इस्पितळांना जाई. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना पाहायला ५३ हजार लोक आले होते. जागा नाही म्हणून हजारो लोक बाहेरच राहिले.

त्यानंतर वर्षही उलटलं नव्हतं. ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला. फुटबॉल हा बायकांसाठी योग्य खेळ नाही, असं त्यात म्हटलं होतं. जमवलेल्या पैशाच्या हिशेबावरही शंका घेतली होती. पण बायकांनी खेळू नये, असा हुकूम काढण्याचा अधिकार असोसिएशनला नव्हता. मग तिने काय केलं? आपल्या सदस्य क्लबांना सांगितलं की, बायकांच्या सामन्यांना तुमची मैदानं देऊ नका.

एवढं पुरेसं होतं. मुली उद्यानांत, मोकळ्या जागांवर खेळत राहिल्या. पण प्रेक्षकांसाठी बाकं नाहीत, तिकीट नाही, त्यामुळे पैसा नाही आणि पैसा नाही म्हणून नवी पिढी नाही. ही बंदी उठायला जवळपास ५० वर्षं लागली. ब्राझीलमध्ये १९४१ ते १९७९ आणि पश्चिम जर्मनीत १९५५ ते १९७० या काळात अशाच बंद्या होत्या. आज हे तिन्ही देश महिला फुटबॉलमधले मोठे देश मानले जातात. त्यांच्या किती पिढ्या बाहेर बसून राहिल्या, याचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

आशियात दुसरे, तरी रिकाम्या हाती

आपल्याकडे अशी लेखी बंदी कधी आली नाही. उलट, सुरुवात चांगली होती. १९७५ साली विमेन्स फुटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया ही वेगळी संघटना स्थापन झाली. चारपाच वर्षांतच, १९७९-८०च्या आशियाई महिला स्पर्धेत, कोझिकोडला भारतीय मुली उपविजेत्या ठरल्या. १९८१ला तिसऱ्या आल्या. १९८३ला पुन्हा उपविजेत्या. गोव्याच्या योलांडा डिसोझा, बंगालच्या शांती मलिक ही त्या काळातली नावं. शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला महिला फुटबॉलचा कारभार ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनकडे गेला. त्यानंतरची घसरण इतकी होती की, २००९ साली दीड वर्ष एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्यामुळे भारताचं नाव फिफाच्या महिला क्रमवारीतून काढलं गेलं. ऑक्टोबर २०२२मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. अंतिम सामना नवी मुंबईत झाला. यजमान म्हणून खेळणाऱ्या आपल्या मुली अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ अशा हरल्या.

या पराभवावर समाजमाध्यमांत खूप हसणं झालं. मला हसू आलं नाही. समोरच्या मुली सहाव्या-सातव्या वर्षापासून आठवड्यातून दोनतीन वेळा चेंडू लाथाडत मोठ्या झाल्या होत्या. आपल्याकडे त्या वयाच्या मुलीला मैदानावर नेमून दिलेला एक तास तरी मिळतो का? तरीही जुलै २०२५मध्ये भारतीय महिला संघाने थायलंडमध्ये जाऊन थायलंडला २-१ असं हरवलं आणि पात्रता फेरी जिंकून २०२६च्या आशियाई चषकात जागा मिळवली. जिद्द कधीच कमी नव्हती.

डोक्यावरचा रुमाल

२००७ साली कॅनडाच्या क्युबेक प्रांतात एका स्पर्धेत ११ वर्षांच्या मुलीला पंचांनी मैदानाबाहेर काढलं. कारण काय, तर तिच्या डोक्यावर हिजाब होता. खेळाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने पंचांची बाजू उचलून धरली. जून २०११मध्ये ऑलिम्पिक पात्रतेचा इराण-जॉर्डन सामना याच कारणावरून झाला नाही आणि इराणच्या मुलींची संधी गेली. जॉर्डनचे प्रिन्स अली बिन अल हुसैन यांनी हा विषय लावून धरला. २०१२ला प्रायोगिक आणि मार्च २०१४मध्ये कायमची परवानगी मिळाली. ३० जुलै २०२३ रोजी मोरोक्कोची नुहैला बेन्झिना हिजाब घालून महिला विश्वचषकात खेळणारी पहिली खेळाडू ठरली. त्या सामन्यात मोरोक्कोने दक्षिण कोरियाला हरवलं.

या वादात दोन्ही बाजूंचे मोठे लोक मुलींच्या कपड्यांवर तावातावाने बोलले. एका बाजूला 'घालूच नको', दुसऱ्या बाजूला 'घातल्याशिवाय बाहेर पडू नको'. ११ वर्षांच्या त्या मुलीला फक्त खेळायचं होतं. आपल्या वर्गासाठी मी यातून एकच नियम घेतला. रुमाल बांधायचा तर बांधा, नको तर नको, फक्त टाचणी लावायची नाही.

मुंब्र्याचा धडा

या विषयातलं सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली असंख्य मुस्लिम कुटुंबं सुरक्षितता शोधत ठाण्याजवळच्या मुंब्र्यात आली. दाट वस्ती, अरुंद गल्ल्या, मोकळी जागा जवळपास नाहीच. तिथे २०१२च्या सुमारास सबाह खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'परचम' या गटाने मुलींचा फुटबॉल सुरू केला. घरोघरी जाऊन आईवडिलांशी बोलणं, हे पहिलं काम होतं. मुली आल्या. मग कळलं की खेळायचं कुठे, हा खरा पेच आहे. जिथे मोकळी जागा होती तिथे मुलं आधीपासून होती.

परचमच्या मुलींनी सह्यांची मोहीम घेतली आणि मुलींसाठी राखीव मैदान द्या, अशी मागणी लोकप्रतिनिधींपर्यंत नेली. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की, त्यांनी 'आम्हालाही खेळू द्या' अशी विनवणी केली नाही. ठरावीक जागा मागितली, ठरावीक वेळ मागितली. शिवाय वेगवेगळ्या जमातींच्या मुलींना एका संघात आणलं. दंगलीने ज्यांच्या वस्त्या वेगळ्या केल्या, त्यांच्या मुली एकमेकींना पास देऊ लागल्या.

खानदेशातला एक दिवस

आपल्या खानदेशात मुलींच्या खेळाला विरोध आहे असं नाही. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, फुगड्या घालतात. आमच्याकडे ईदच्या दिवशीही झोके असतात. त्या दिवशी कुणी टोकत नाही. परवानगी आहे, पण ती एका दिवसाची.

सरकारी उपक्रमांचंही तसंच. १५ सप्टेंबर २०१७ रोजी 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' या मोहिमेत राज्यभर लाखो मुलामुलींनी एकाच दिवशी फुटबॉल खेळला. उत्साह खरा होता. आपांच्या शाळेतल्या कपाटात परवा एक फुटबॉल सापडला. त्यातली हवा केव्हाच गेली होती.

जळगावच्या मू. जे. महाविद्यालयात शिकलेल्या प्रतिभाताई पाटील विद्यार्थिदशेत टेबल टेनिस उत्तम खेळत. पुढे त्या देशाच्या राष्ट्रपती झाल्या. टेबल टेनिसला छत असतं, चार भिंती असतात. उघड्या मैदानाचा प्रश्न त्यापेक्षा अवघड आहे. माझी थोरली बहीण पाचवीत लंगडीत शाळेत पहिली आली होती. सातवीत गेल्यावर तिचं मैदान बंद झालं. घरात कुणी मनाई केल्याचं मला आठवत नाही. आम्ही भाऊ खेळायला जायचो, ती नाही, एवढंच. आमच्यापैकी एकानेही 'का' असं विचारलं नाही. ती गोष्ट आज लिहिताना टोचते.

वहीतली योजना

म्हणून आम्ही योजना उलटी लिहायला घेतली. आधी जागा आणि वेळ, मग बाकीचं.

जळगावात एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा उन्हाळी शिबिराचा प्रश्नच नाही. पावसाळ्यात आपली काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते आणि वाळली की तिला भेगा पडतात. त्यात पाय अडकला तर घोटा मुरगळतो. म्हणून आधी भेगा बुजवून, मुरूम टाकून रोलर फिरवायचा. हंगाम दिवाळीनंतर धरायचा. रमजान दर वर्षी १०-११ दिवसांनी अलीकडे सरकतो आणि सध्या तो फेब्रुवारीत येतोय. त्याआधी १२ आठवडे मिळतात. आठवड्यातून दोन दिवस, सव्वाचार ते सव्वापाच. हिवाळ्यात सूर्य सहाच्या आत मावळतो. मगरिबच्या आधी प्रत्येक मुलगी घरी पोचली पाहिजे.

२४ मुली, १२ चेंडू. या वयाला मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू जड पडतो, चार नंबरचा घ्यायचा. महागडे बूट नकोत, शाळेचे कॅनव्हास चालतील. चार विरुद्ध चार, छोटं मैदान, गोलकीपर नाही. म्हणजे प्रत्येकीच्या पायाला चेंडू लागेल आणि एकही मुलगी कोपऱ्यात उभी राहणार नाही. पहिले चार आठवडे धावणं, थांबणं, वळणं आणि चेंडू पायाशी ठेवणं. निवड चाचणी नाही, कुणाला वगळणं नाही. शिकवायला बाई असाव्यात आणि मैदानावर कायम दोन मोठी माणसं. प्यायचं पाणी आणि स्वच्छ, कडी लागणारं स्वच्छतागृह. या दोन गोष्टी नसतील तर मोठ्या मुली महिन्याभरात गळतात. आणि दर महिन्याला एक सामना आयांनी पाहायला यायचा.

या सगळ्याला फार पैसा लागत नाही. लागतो तो आठवड्यातले दोन तास मुलींच्या नावावर लेखी करून देण्याचा निर्णय. तोंडी 'खेळू द्या' या शब्दाची किंमत १९२१ साली प्रेस्टनच्या मुलींना कळली होती. खेळायला त्यांनाही कुणी मनाई केली नव्हती.

आम्ही व्यवस्थापनाला अर्ज दिला. सोमवार आणि गुरुवार मागितले. गेल्या आठवड्यात उत्तर आलं. गुरुवार मंजूर झाला, सोमवारी मुलांचा सराव असल्याने 'नंतर पाहू'. आपा थोड्या खट्टू झाल्या. मी त्यांना म्हटलं, हजेरीची वही नीट ठेवा. १२ गुरुवार २४ मुली आल्याचं दिसलं की, सोमवार मागायला आपल्याकडे कागद असेल.

मागच्या रांगेतल्या त्या आईला आपांनी फोन करून सांगितलं, शाळेचं मैदान, गुरुवार, सव्वाचार वाजता. त्यांनी विचारलं, "दोघी बहिणींना पाठवलं तर चालेल का?"